टाकेबाबाच्या मुंग्या

कान्हेरीला रविवारी गर्दी असतेच. बोरिवलीला उतरायचं, पुऱ्या-बटाट्याचे डबे सांभाळत डोंगर चढायचा, पोरांनी लेण्यांत शिरून हाका मारायच्या आणि माकडांनी अर्धे डबे पळवायचे, ही मुंबईकराची जुनी सहल. पण चौऱ्याऐंशी सालच्या त्या थंडीत माणसं मोठ्या चैत्यासमोरून मान वर न करता पुढे जात होती. एवढे उंच खांब, एवढी शांत उभी बुद्धमूर्ती, पण बघायला वेळ कुणाला! सगळ्यांना वर जायचं होतं. तिथे एका लहानशा लेण्यापाशी, कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याकाठी, टाकेबाबा बसले होते.

बाबा मधुमेह घालवायचे. आणि त्यांचा साक्षीदार कोण? तर मुंगी!

"डॉक्टर चुकंल, काचेची नळी फुटंल, पण मुंगी खोटं बोलंल का?" बाबा गरजायचे.

"नाही!" गर्दी म्हणायची.

"मुंगीला पगार आहे का? मुंगी लाच खाते का?"

"नाही!"

खरंच आहे, मुंगी लाच खात नाही. लाच खाणाऱ्यांच्या गावात एवढा एक मुद्दा लोकांना पटायला पुरे होता.

त्या रांगेत घाटकोपरची प्रेमा उभी होती, नऊ वर्षांच्या मीराचा हात घट्ट धरून. मीराला लहानपणापासून मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई. औषधाची बाटली शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये, काचेची सिरिंज रोज उकळायची, आणि नळीत निळं औषध घालून पोरीची लघवी स्टोव्हवर तापवायची. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर वाट लागली. पोरीच्या मांड्या सुयांनी कडक झाल्या होत्या. सुई काढली की मीरा भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि प्रेमाला वाटायचं, आपण आई आहोत की कसाई?

मग चाळीतल्या कुणीतरी टाकेबाबांचं नाव सांगितलं.

पहिल्या खेपेला बाबांनी बाटलीतली लघवी उघड्या कातळावर ओतली. मुंग्यांची रांग धावत आली. "बघ, रोग! सगळ्यांनी बघा!" मग प्रेमाने प्रत्येक रविवारी टाक्याचं पाणी नेऊन मीराला पाजलं. आज निकाल होता.

बाबांनी तांब्याच्या डबीतली विभूती मीराच्या जिभेवर ठेवली. मग ॲल्युमिनियमच्या डब्यातली विभूती घेऊन कातळावर गोल रिंगण काढलं, कापूर पेटवला आणि रिंगणात बाटली रिकामी केली.

"ये मुंगीमाते! साखर असंल तर ये, रोग गेला असंल तर माघारी जा!"

मुंग्या आल्या, रिंगणापाशी थबकल्या आणि वळून गेल्या. एक म्हणून एक आत शिरली नाही. टाळ्या वाजल्या. प्रेमा रडत बाबांच्या पायावर पडली.

"सुई बंद कर," बाबा म्हणाले. "निळी नळीपण बंद. मूत आगीवर तापवलं की देव कोपतो. आता पोरीला तहान लागंल, अंग वाळंल. घाबरायचं नाही, रोग बाहेर पडतोय."

उतरताना प्रेमाने मीराला पहिल्यांदा जिलबी घेऊन दिली. पाक हनुवटीवर ओघळेपर्यंत पोरगी हसत होती.

घरी मीराचा बाप गुणाजी तेवढा कुरकुरला. संपात गिरणीची नोकरी गेल्यापासून तो मुलुंडच्या एका कारखान्यावर वॉचमन होता. "काय गो, सुई नाय दिलंस?"

"मुंग्यांनी सांगितलं ना! तुमचा माझ्यावर नाही तर नाही, मुंग्यांवर तरी विश्वास ठेवा!"

गुणाजी डबा उचलून पाळीला निघून गेला.

मीरा मडकं रिकामं करू लागली. गालफडं बसली. श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास यायला लागला. बाबांनी सांगितलं तसंच होतंय, म्हणून प्रेमा मनाला समजावत राहिली. शाळेत पोर बाकावरच कलंडली, तेव्हा तिच्या वर्गशिक्षिका अनुपमा वाघमारे टॅक्सी करून तिला थेट इस्पितळात घेऊन गेल्या आणि प्रेमाला निरोप धाडला.

डॉक्टरांनी विटकरी झालेली नळी प्रेमासमोर धरली. "इन्शुलिन कुणी बंद केलं?"

"पण साखर गेली होती, डॉक्टर! मुंग्या आल्या नाहीत!"

डॉक्टरांनी खाली बोट दाखवलं. खाटेखालच्या लघवीच्या भांड्यावर मुंग्यांची काळी माळ चढली होती.

प्रेमा बघतच राहिली. मीरा धापा टाकत होती, हाका मारूनही डोळे उघडत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती धाप थांबली. सलाईन, सुया, सगळं झालं होतं, पण उशीर झाला होता.

दिवसकार्य उरकल्यावर प्रेमा अनुपमाबाईंकडे गेली. "बाई, इस्पितळात मुंग्या आल्या. डोंगरावर का नाही आल्या?"

बाईंनी तिला खोदून खोदून विचारलं. काय ओतलं, कुठे ओतलं, आधी काय केलं. दोन डब्यांचं ऐकल्यावर त्या थांबल्या. "जिभेवरची विभूती आणि दगडावरची विभूती वेगळी का, प्रेमाताई?"

रविवारी दोघी कान्हेरीला गेल्या.

"आज लेक नाही आणली?" बाबांनी ओळखलं.

"झोपलीय," प्रेमा म्हणाली. तिने पिशवीतून बाटली काढली. "परत एकदा बघा, महाराज. मनाला धीर येईल."

रिंगण पडलं, कापूर पेटला, बाटलीतलं अर्धंअधिक ओतलं गेलं. मुंग्या आल्या आणि माघारी वळल्या.

"साखर शून्य! बोला, टाकेबाबा की..."

"जय" म्हणायच्या आधीच प्रेमाने बाटली तोंडाला लावली आणि उरलेल्यातले दोन घोट घेतले. बायका "शी शी" करत मागे सरकल्या.

"गुळाचं पाणी आहे," प्रेमा म्हणाली. "आज सकाळी मी कालवलंय. महाराज, गुळाचापण मधुमेह बरा केलात?"

शेवटचे चार थेंब तिने बाजूच्या उघड्या कातळावर शिंपडले. बघता बघता मुंग्यांनी ते काळे केले.

अनुपमाबाईंनी ॲल्युमिनियमचा डबा उचलला. "कापराच्या खाली कसला वास येतोय, हुंगा जरा सगळ्यांनी. झुरळं मारायची पावडर आहे ही, राखेत मिसळलेली. मुंग्यांना रोग कळत नाही, त्यांना विष कळतं. आणि हे टाकं कुणा बाबाचं नाही. इथे राहणाऱ्या भिक्खूंनी पावसाचं पाणी साठवायला खोदलंय, प्यायला. त्यात औषध नाही. बाबा, यातली एक चिमूट तुमच्या जिभेवर ठेवून दाखवा बरं."

बाबांनी जीभ काही काढली नाही. ते उठले आणि प्रेमावर ओरडले, "तुझी श्रद्धा कमी पडली!"

"कमी?" प्रेमाचा आवाज चिरकला. "कमी असती तर मी घरी नळी तापवून बघितली असती! श्रद्धा होती म्हणून माझी मीरा गेली. झोपलीय म्हणाले ना मी, ती आता उठायची नाही!"

कुणीतरी बाबांची गचांडी धरली, कुणी चौकीदाराला बोलवायला धावलं. पण हेही सांगायला हवं, की त्या गोंधळातसुद्धा दोघे-तिघे गुपचूप टाक्यात बाटल्या बुडवत होते. बाबा पकडला जातो, पण माणसाच्या डोक्यातली भीती कोण पकडणार? दुखणं लांबलं, डॉक्टरने "जन्मभर औषध" म्हटलं, की माणूस सोपं उत्तर शोधत निघतो, आणि ते विकायला कुणीतरी वाटेत बसलेलाच असतो. देव माना, मानू नका, ज्याची त्याची मर्जी. पण जो म्हणतो औषध बंद करा आणि तपासूही नका, त्याला पहिला प्रश्न हाच विचारा, तपासलं तर तुझं काय बिघडतं?

प्रेमा पायऱ्यांवर बसून राहिली होती. भांडुपची एक बाई, राधा तिचं नाव, मुलाला कडेवर घेऊन समोर आली. मुलगा पाच-सहा वर्षांचा, ओठ सुकलेले.

"ताई, याची सुई मी परवापासून बंद केलीय. आता काय करू?"

प्रेमाने मुलाच्या तोंडाशी नाक नेलं. तोच वास होता. ती ताडकन उठली आणि तिने मुलाला राधाच्या कडेवरून स्वतःकडे घेतलं.

"चल. विचारत काय उभी राहिलीस? धाव!"

आणि दोघी पायऱ्या उतरू लागल्या.