पिवळी टिकली

दीपेशच्या काँप्युटरला काळूरामने आपणहून एकदाच हात लावला, आणि आता तो हात कुठे लपवावा हे त्याला कळत नाही.

तसा काळूराम भोळसट नव्हे. म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला उभा राहिला की भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फुटायचा. पण काँप्युटर म्हणजे काय बैल आहे, शेपटी पिरगाळून बघायला?

त्याचा पोरगा दीपेश कल्याणला कंपनीत होता. आधी त्याचा उजवा हात गळला, मग पाय. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, हळूहळू जीभही जाईल, उतार नाही. त्याची आई जनी महिनाभर देवासमोर डोकं आपटत होती. दीपेशने मात्र टाहो फोडला नाही. नोकरी सोडून गावी आला, काँप्युटर पडवीत मांडला आणि डाव्या हाताची बोटं चालत होती तोवर तो आपल्या मनासारखा घडवत बसला. वर्षभर हेच खूळ.

"आरं, काय करतोस काय त्या डबड्यात?" काळूरामने एकदा वैतागून विचारलं.

"बाबा, ह्याला टायलिंग विंडो मॅनेजर म्हनतात. आपली खाचरं कशी, बांधाला बांध लागून? एक दुसऱ्याच्या डोक्यावर बसत नाय. तशा ह्या खिडक्या. एक उघडली तर सगळा पडदा तिचा. दुसरी आली का निम्मा-निम्मा. सगळं बटनावर. उंदराची गरजच नाय."

"खाचरात उंदीर नाय म्हंजे बराच शेतकरी दिसतोस तू," काळूराम म्हणाला, आणि बापलेक हसले. पोराचं ते हसणं अजून नीट ऐकू येणारं होतं.

त्याच्या पडद्यावर चित्रं नाहीत, फुलं नाहीत, काही नाही. नुसता काळा. बटण दाबलं तरच खिडकी यायची. आणि जीभ जड व्हायला लागली तेव्हा दीपेशने खरी गोष्ट केली. आपल्याच आवाजात एकेक वाक्य बोलून त्याने ते काँप्युटरमध्ये भरलं आणि एकेका बटणाला बांधलं. आईबापाला बटणं कळावीत म्हणून त्याची बहीण पूजाने त्यांवर आपल्या टिकल्या चिकटवल्या. लाल टिकली दाबली की, "आये, पाणी दे गो." हिरवी दाबली की, "मला कुशीवर वळवा." आणि पिवळी, "बाबा, इकडं या जरा."

जीभ गेली. हाताचं एक बोट तेवढं राहिलं. पण घरात दीपेश बोलतच होता. पिवळी टिकली तर दिवसातून किती वेळा वाजायची! काळूराम गोठ्यातून शेणाच्या हातानं धावत यायचा, "काय रे?" काही नसायचंच. पोरगा नुसता डोळ्यांनी हसायचा. काळूराम लटकं रागवायचा, "बापाला घोडा केलास का रे?" आणि परत गोठ्यात जायचा. खरं सांगायचं तर त्या हाकेवरच तो जगत होता.

यंदा भात कापणीला आलं आणि दीपेशच्या छातीत कफ भरला. शहापूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. जनी आणि पूजा त्याच्यापाशी. गुरांसाठी काळूराम एकटा घरी. घर खायला उठायचं. शेवटी पूजाचा फोन आला, "बाबा, उद्या सोडतायत दादाला."

काळूरामला काय करू नि काय नको झालं. पडवी सारवली, गोधड्या उन्हात टाकल्या. मग म्हटलं, मशीन इतके दिवस बंद आहे, चालतं का बघावं. पूजा चालू करायची तसं त्याने डब्याचं बटण दाबलं. पंखा घुमला. पडदा काळा. दीपेशपुढे त्यावर नेहमी काहीतरी उघडलेलं असायचं. वाट बघितली. काळाच. माउस फिरवून बघितला, बोटाने टकटक केलं. काही नाही. टिकल्यांना हात लावायची त्याची छाती झाली नाही. ती पोराची बटणं, उगाच बिघडायची.

बंद पडला! उद्या पोरगं घरी येणार आणि मुकं बसणार?

पूजाला विचारावं असं मनात आलंही. पण ती आधीच दमलेली. आणि बापानेही पोरासाठी एकदा काहीतरी करावं की! त्याने कीबोर्ड आणि स्पीकर सोडवले, धुतलेल्या पंच्यात गुंडाळले आणि देवघराखाली जपून ठेवले. बोट बटणावर पडतं, आवाज स्पीकरातून येतो. म्हणजे दीपेशचा आवाज ह्यातच, हे त्याचं सरळ गणित. दुकानात कुणी हाताळायला नको. पडद्याचा बिघाड तेवढा डब्यात. तो डबा मांडीवर घेऊन तो जीपने मुरबाडला गेला.

दुकानदार भावेशने आपला कीबोर्ड लावला, चार बटणं दाबली, कपाळाला आठ्या घातल्या. "काका, कुणी काय भलतंच भरलंय ह्यात. साफ पुसून नवीन विंडोज टाकायला लागंल. आतलं काय ठेवायचं हाय का? फोटो, कागद?"

"फोटो भिंतीवर हायत," काळूराम म्हणाला. "पुसा. पन उद्याच्या आत चालू झाला पायजे."

संध्याकाळी डबा घरी आला. निळंशार चित्र, कोपऱ्यात रंगीत खुणा. काळूरामने देवघराखालचा पंचा सोडला, कीबोर्ड-स्पीकर जोडले आणि स्वतःवर खूष झाला. अहो, किती खूष! त्याने डब्याला हळदकुंकूसुद्धा वाहिलं.

दुसऱ्या दिवशी दीपेशला गाडीतून उतरवून पडवीत बसवलं. निळा पडदा बघून त्याचे डोळे मोठे झाले. काळूराम म्हणाला, "बंद पडलावता रे. नवा करून आनलाय तुझ्यासाठी. बोल की."

दीपेशचं बोट लाल टिकलीवर गेलं. काही नाही. हिरवीवर गेलं. काही नाही.

"बाबा," पूजाचा आवाज फाटला, "ह्याच्यावरचं सगळं कुठाय?"

"सगळं हाय गो! बटनं हायत, भोंगा हाय. मी हातसुद्धा लावू दिला नाय कुनाला."

"पडदा काळाच असतो त्याचा! आवाज डब्यात होता, बाबा!" पूजाने दुकानात भावेशला फोन लावला. तो म्हणाला, जुनं सगळं पुसून त्यावरच नवीन भरलं, आता काही हाती लागायचं नाही. ती वाक्यं दीपेशच्या जुन्या मोबाइलमध्ये असतील म्हणावं, तर तो मागच्याच वर्षी देऊन टाकलेला. पुन्हा बोलून घ्यावं, तर बोलणार कोण? जनीने पदर तोंडात कोंबला. काळूराम उभाच्या उभा. कुणी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोट तरी चालतंय, दादा काही लिहील तरी, म्हणून पूजाने डोळे पुसत पडद्यावर एक पांढरं पान उघडलं. दीपेशचं बोट सरकत सरकत कडेला गेलं आणि थांबलं. पानावर एक अक्षर उमटलं. मग तेच अक्षर पुन्हा, पुन्हा. ओळ भरली, दुसरी सुरू झाली.

काळूरामला इंग्रजी अक्षर ओळखता येत नव्हतं. पण बोट कुठे आहे ते त्याला दिसत होतं. पिवळ्या टिकलीवर.

"आलो रे," तो पोराच्या पायाशी बसत म्हणाला. "आलो. हितंच हाय मी."

दीपेशने त्याच्याकडे बघितलं. बोट काही उचललं नाही. पांढऱ्या पानावर ओळीमागून ओळ उतरत राहिली, आणि पडवीत आवाज होता तो फक्त डब्यातल्या पंख्याचा.