लोखंडाचा ढीग

मी गिअरबॉक्स बोलतोय, ऑटोमॅटिक. सगळा जन्म गाडीच्या पोटाखाली गेला, त्यामुळे माणसांचे चेहरे कधी दिसले नाहीत, नुसते आवाज ऐकू आले. म्हणूनच असेल, स्वभाव संशयी झाला. कुणी गोड बोललं की माझ्या मनात आधी पाल चुकचुकते.

कारखान्यात माझी गाठ टर्बोवाल्या इंजिनाशी पडली. भलतं बढाईखोर. शिट्टी वाजवत जोर काढायचं ते, झेलायचा मी, आणि कौतुक टर्बोचं. सौदीतल्या बुरैदा शहरातल्या पहिल्या मालकाने खजुराच्या पेट्या लादून मला पळवलं, पण तेल बदलायचं नाव काढलं नाही. 'ते बदलावं लागत नाही' असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. सांगणाऱ्याने ते मुद्दाम सांगितलं, असं मला अजून वाटतं.

मग रत्नागिरीकडचा नसरुद्दीन आला. एसी दुरुस्तीचं त्याचं काम. त्याने मला नीट ठेवलं, पण आतल्या प्लेटा तोवर झिजल्या होत्या. उन्हात तापलो की माझी पकड सुटते. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. सकाळी थंड असलो की मी पुन्हा शहाणा.

"अवो, ही गाडी एक दिवस रस्त्यात बसवणार आपल्याला," त्याची बायको शरफुन्निसा म्हणायची.

"आता कायमचं गावी जायचंय. तोवर चालेल," तो म्हणायचा.

पण अलीकडे तो मला फार जपायला लागला. हळू चालवायचा, गाडी धुवायचा. मग सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत नेऊन त्याने माझ्यात कसलंसं दाट तेल ओतवलं. "आता थोडे दिवस बोंब मारणार नाही," मेस्त्री म्हणाला. तेव्हाच ओळखलं, हा मला कुणाच्या तरी गळ्यात मारणार.

झालंही तसंच. पहाटे फजरची नमाज झाल्याबरोबर, मी थंडगार असताना, त्याने गाडी हराजात नेली. हराज म्हणजे गाड्यांचा लिलाव. दलाल भोंग्यावर ओरडत होता, "कोम हदीद! कोम हदीद!" म्हणजे लोखंडाचा ढीग समजून घ्या, मागाहून तक्रार चालणार नाही. हे दोन शब्द उच्चारले की विकणारा मोकळा, असं तिथे सगळे धरून चालतात.

नसरुद्दीन बायकोशी फोनवर बोलत होता. ते ऐकून एक तरुण जवळ आला. त्याने आपलं नाव ज्ञानेश सांगितलं.

"चाचा, मराठी बोलताय म्हणून विचारतो. माझी लांब तबूक शहरात बदली झालीय. बायको आणि तान्ही मुलगी घेऊन याच गाडीने जाईन म्हणतो. गिअर बरा आहे ना?"

नसरुद्दीनने फोन बंद केला. दलाल अजून ओरडत होता. मी मनात म्हटलं, आता हा खोटं बोलणार. गप्प राहिला असता तरी त्याला कुणी धरलं नसतं.

"नको घेऊस," तो म्हणाला. "तापला की गिअर सुटतो. भर दुपारी वाळवंटात पोरीला घेऊन बसशील."

मग दलालाला त्याने तेच अरबीत सांगून टाकलं. गिऱ्हाइकं पांगली. इतकी वर्षं या माणसावर संशय घेतला, याची मला फार लाज वाटली. आणि भीतीही वाटली, कारण तो खोटं बोलला असता तर मी अजून रस्त्यावर असतो. शेवटी एका भंगारवाल्याने गाडी घेतली. उतरण्यापूर्वी नसरुद्दीनचा हात बराच वेळ गिअरच्या दांड्यावर होता.

आता मी तशलीहमध्ये, म्हणजे जुन्या गाड्या फोडतात त्या आवारात, गाडीतून सुटा होऊन एका टायरवर पडलोय. मालकाने मला पुसून माझ्यावर पांढऱ्या रंगाने 'शग्गाल' लिहिलंय. शग्गाल म्हणजे चालू.

आज एकजण जुना गिअरबॉक्स शोधत आला. माझ्याच जातीची गाडी, मागच्या सीटवर मुलांची भांडणं चाललेली.

"चांगला आहे?" त्याने विचारलं.

"मिय्या मिय्या," मालक म्हणाला. अगदी शंभर टक्के.

तुम्ही माझं ऐकताय, पण त्याला ऐकू जात नाही. त्याला एवढंच सांगा, तापल्यावर मी कसा वागतो ते विचार. माझ्या वतीने खरं बोलणारा एकच माणूस होता, तो गावी गेला.