पाटाखालची अक्षरे

मी एक जुना पाट आहे, फणसाच्या लाकडाचा. पाटाला कसले आले आहे आयुष्य, असे तुम्हांला वाटेल. मलाही ते नीट सांगता येईल याची खात्री नाही. तरी मित्रांनो, ऐका.

पोलादपूरजवळच्या उमरठ गावी सोनबा सुताराने मला रखमाच्या लग्नासाठी घडवले. तिचा नवरा महिपत मुंबईला बोटीवर खलाशी होता. वर्षा-दोन वर्षांनी तो घरी येई. एरवी त्याची पत्रे येत, पण रखमाला वाचता येत नव्हते. पत्र आले की ती शाळेत मास्तरांकडे जाई आणि ऐकायला तिच्यामागे निम्मी आळी जाई. 'तुझी आठवण येते' हे मास्तरांनी एकदा मोठ्याने वाचले. पुढे चार महिने पाणवठ्यावर तिला तेच ऐकावे लागले.

महिपतच्या बोटीवर एक म्हातारा चिनी सुतार होता. त्याने महिपतला आपल्या लिपीची फार जुनी रूपे शिकवली. सत्तावन्न सालच्या रजेत महिपतने पटाशी घेतली आणि ती रूपे माझ्यावर कोरली. अक्षरावर बसू नये, त्याला पाय लागू नये, ही आपली रीत. म्हणून त्याने मला पालथा घातला आणि पोटावर कोरले.

"हे तीन सुळकं म्हंजे डोंगर," तो म्हणाला. "हे वाहतं पाणी, म्हंजे नदी. ही चौकट, मधी बांध. म्हंजे काय?"

"खाचर!"

"छपराखाली डुक्कर, म्हंजे घर."

"शी! घरात डुक्कर?"

"त्यांच्यात ती भरल्या घराची खूण हाय गो. आन् छपराखाली बाई बसली, म्हंजे शांतता."

"मंग त्या बाईला सासू नसंल," रखमा म्हणाली आणि दोघे हसत सुटली.

झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विसावा. अशी चाळीस चित्रे होती. त्यानंतर महिपतची कार्डे चित्रांत येऊ लागली. रखमा मला चुलीपाशी पालथा घाली आणि बोट फिरवत एकेक चित्र जुळवी. नवरा-बायकोचे बोलणे आता दोघांतच राहू लागले. माझ्यावर बसून कोणी लाडू खाल्ले असते तरी मला एवढा आनंद झाला नसता.

बासष्ट साली चीनशी लढाई सुरू झाली. दिवाळीनंतर महिपतचे कार्ड आले. ही चित्रे चिनी सुताराने शिकवलेली हे गावाला ठाऊक होते, म्हणून टपालवाला चांगू ते घेऊन थेट पोलीसपाटील रावजींकडे गेला. रावजी वाईट माणूस नव्हते. त्यांचा पुतण्या फौजेत होता आणि महिनाभर त्याची खबर नव्हती.

कार्डावर डोंगर, नदी, खाचर, घर आणि झाडाला टेकलेला माणूस होता. महिपत रजेवर घरी विसाव्याला येणार होता. रावजींनी चित्रे बरोबर ओळखली, आणि तिथेच घात झाला.

"ह्यो आपला डोंगर, ही नदी, ही खाचरं," ते म्हणाले. "नकाशा हाय ह्यो!" झाडाला टेकलेला माणूस त्यांना दबा धरून बसलेला दिसला.

ते चार माणसे घेऊन घरी आले. झडतीत कोणी मला उलटा केला. रावजी माझ्यावर बसून कितीदा तरी जेवले होते. त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, लपवून का कोरलं?"

"लपवून नाय, भावजी. अक्षरावर बसू नये म्हणून."

"दुश्मनाच्या अक्षराचा येवढा मान?"

मला देवीच्या देवळापुढे नेले. जाळायला गवतही आणले. तेव्हा चारचौघांत कधी न बोलणारी रखमा बोलली.

"ह्यांनी सांगितलंय, ही अक्षरं देवाला लावलेल्या कौलातली हायत. हजारो वर्सांमागं ती लोकं हाड न् कासवाची पाठ तापवून तडा कसा जातो ते बघायची, आन् 'पाऊस पडंल का' ह्यो प्रश्न तिथंच कोरून ठेवायची. आपण देवीला कळ्या लावतो तसं."

"मंग देवीलाच इचारू," गुरव हैबती म्हणाला.

त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर पाट राखायचा, डावी पडली तर जाळायचा. किती वेळ गेला कोण जाणे. उजवी पडली.

"देवीनं पाट राखला," रावजी म्हणाले. "पर पोलीस ठाणं कळ्यांवर चालत नाय. महिपतला आत्ताच कळव."

मला काखेत घेऊन रखमा शाळेत गेली. रावजी बाकावर बसले. दारात निम्मी आळी होती. मास्तरांनी कोरे कार्ड पुढे ओढले.

"लिवा," ती म्हणाली. "आता चित्रं धाडू नका."

"आणखी काय?"

रखमाची बोटे माझ्या पोटावर फिरत होती. तिने दाराकडे पाहिले, रावजींकडे पाहिले.

"काय नाय. बरी हाय म्हणून लिवा."

मित्रांनो, मी जळालो नाही. महिपतची पत्रे पुढेही आली, साध्या अक्षरांत. मास्तर ती वाचत. 'खुशाल आहे, तब्येतीस जपावे' यापलीकडे त्यांत कधी काही नसे. न कळणारी गोष्ट जाळण्याआधी विचारावी, असे मी सांगणार होतो. पण रावजींनी विचारलेही होते आणि रखमाने खरे उत्तरही दिले होते. तेव्हा माझ्या अडाणी लाकडाला सुचते ते एवढेच, की दुसऱ्याचे पत्र हाती पडले तर ते न वाचता ज्याचे त्याला नेऊन द्या.