उघड्या डोळ्यांचा फोटो

तेहतीस वर्षं मी डोळ्यांत तेल घालून शाळा सांभाळली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. आणि नवऱ्याने काढलेल्या फोटोंवर विश्वास ठेवाल, तर त्यातली एकोणीस वर्षं मी झोपलेली होते. या वर्षांतल्या त्यांच्या एकाही फोटोत माझे डोळे उघडे नाहीत. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी कॅमेऱ्यावर लावायचा तो मोठा फ्लॅश आणला, तेव्हापासूनची ही रड. लेक आता वीस वर्षांची आहे. आणि फ्लॅश हे भर दुपारी, अंगणातसुद्धा लावतात.

निवृत्तीला आठवडा उरला होता. शाळेच्या व्हरांड्यात आधीच्या पाच मुख्याध्यापकांचे फोटो ओळीने टांगलेत, सहावी चौकट रिकामी. उपमुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, शुक्रवारपर्यंत फोटो द्या, नाहीतर शिक्षकांच्या गटफोटोतून तुमचा चेहरा कापून लावू." तो गटफोटोही यांनीच काढलेला! म्हणजे पुढची पन्नास वर्षं मी त्या भिंतीवर डुलक्या काढणार, आणि ज्या पोरांना मी वर्गात जांभई देऊ दिली नाही, ती खालून खिदळत जाणार. छे!

स्टुडिओचं नाव काढायची सोय नव्हती. मागे एकदा काढलं, तर दोन दिवस घरात अबोला. "घरात माणूस असताना?" माझी धाकटी बहीण यांना 'फ्लॅशभावजी' म्हणते, ती थट्टा आहे हे यांना अजून कळलेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी यांनी मला समोरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर सरकवला, खालचं चाक आवळलं, चार नवे सेल घातले आणि नेहमीचं प्रवचन सुरू केलं. "उजेड तोंडावर थेट मारायचा नसतो. फ्लॅशची मान छताकडे वळवायची. मग तो वरून मऊ उतरतो."

"अहो, उतरू द्या की मग."

"एक, दोन, तीन." लख्ख! डोळे मिटलेले. पुन्हा लख्ख, पुन्हा मिटलेले. अकरा फोटो झाले.

"ओळखपत्रावर बरे टक्क उघडे असतात तुझे डोळे!" ते म्हणाले. "तिथे कसं जमतं?" आणि चहा टाकायला आत गेले. राग आला की ते चहा टाकतात. आमच्या संसारात चहा फार झाला.

मी फ्लॅशचं खोकं उघडलं. आत माहितीपुस्तिका, अजून प्लास्टिकच्या पिशवीत बंद. 'पुस्तक वाचून कुणाला फोटो येत नसतात,' हे यांचं तत्त्वज्ञान. मी आयुष्यभर परिपत्रकं वाचलेली बाई. चौतिसाव्या पानावर सापडलंच. ऑटोवर ठेवला की हा फ्लॅश दोनदा उडतो. आधी उजेड मोजण्यापुरता बारीकसा, आणि लगेच मागून खरा. ज्यांच्या पापण्या चपळ, ते पहिल्यालाच डोळे मिटतात, आणि फोटो निघतो दुसऱ्याला. उपाय एकच: बटण दाबून मॅन्युअलवर न्या, आणि उजेड किती हवा ते स्वतः ठरवा.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! मी फ्लॅशच्या पाठीवरचं बटण दाबलं, खुर्चीत उशी बसवली आणि तिचे तीन फोटो काढले. पहिला पांढराफट्ट, दुसरा काळा, तिसरा ठीक. मग उशी काढून स्वतः बसले आणि मनात भाषण तयार केलं. चांगलं दहा मिनिटांचं होतं.

कप ठेवून यांनी कॅमेरा उचलला. फ्लॅशच्या पाठीकडे बघायची यांना सवयच नाही. "एक, दोन, तीन." लख्ख!

कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझे दोन्ही डोळे उघडे होते, चांगले रोखलेले. मला वाटलं, आता म्हणतील, 'बघ, शिकवलं की नाही मी!' भाषणाचं पहिलं वाक्य मी जिभेवर घेतलं.

ते खाली जमिनीवरच बसले. "एक सांगू?" म्हणाले. "मला इतकी वर्षं वाटायचं, माझ्याकडे बघायची वेळ आली की तू डोळे मिटतेस. दुसऱ्यांच्या फोटोत नाही, फक्त माझ्याच. विचारायचा धीर झाला नाही."

या माणसाने एवढं मनात ठेवलं आणि मुकाट्याने चहा करत राहिला! मी पुस्तिका चौतिसाव्या पानावर उघडून यांच्या हातात दिली. यांनी ते पान दोनदा वाचलं.

"म्हणजे चूक माझी होती?"

"शंभर टक्के तुमची."

"नक्की ना? तुझी काहीच नाही?"

"रतीभरही नाही."

स्वतःची चूक ऐकून इतका खूश झालेला माणूस मी तेहतीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. "थांब, अजून एक काढू," म्हणत ते उठले, घाईत चहाचा कप लवंडला, आणि मला हसू आवरेना.

शाळेच्या भिंतीवर तो उघड्या डोळ्यांचा लागलाय. पोरं त्याच्याखालून गुपचूप जातात म्हणे. ते दहा मिनिटांचं भाषण नजरेत राहिलं असावं. दुसरा यांनी मोठा करून समोरच्या खोलीत लावलाय. त्यात मी खदखदून हसतेय, आणि डोळे मिटलेले आहेत.