सहाशे किलोंचा नमस्कार

दुपारचा एक वाजून गेला होता आणि बसस्टँडमागच्या पटांगणात तीनशे माणसं एका पिवळ्या ट्रॅक्टरकडे टक लावून बघत होती. ट्रॅक्टर बंद होता. किल्लीही काढलेली होती. पुढे जोडलेलं माती ढकलायचं पोलादी ब्लेड माणसाच्या छातीइतकं वर उचललेलं होतं आणि त्याला इतके हार घातले होते की पोलाद शोधावं लागत होतं.

"हललं!" कोणीतरी ओरडलं.

आणि खरंच हललं की हो! लिव्हरला कोणी हात लावला नव्हता. तरी ते धूड मुंगीच्या पावलांनी खाली येऊ लागलं आणि शेवटी मातीला टेकलं. तीनशे माणसांनी एकदम हात जोडले.

"लेकरांनो!" माईकवर तेलबाबा गरजला. "माणसाचं डोकं पाच किलोंचं, ते वाकत नाही. हे पोलाद सहाशे किलोंचं, ते वाकतं! का वाकतं?"

"का वाकतं?" गर्दीने विचारलं.

"कारण त्याला कणा नाही! आजपासून आपणही आपापला कणा सोडायचा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीनशेतल्या एकालाही वाटलं नाही की आपण नक्की कशाला टाळ्या वाजवतोय ते बघावं.

ट्रॅक्टरच्या सीटवर गळ्यात हार घालून बसलेला ऑपरेटर तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. ब्लेड का वाकतं हे त्या पटांगणात त्याला सगळ्यात नीट माहीत होतं आणि ते सांगायची त्यालाच सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

हे सगळं सुरू झालं ते त्याच्याच आळसातून. सीटवरून उतरण्याआधी ब्लेड जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं, किल्ली काढायची, हा नियम तो शिकला होता. पण टेकवा, मग जेवून आल्यावर पुन्हा उचला, कोण करतो हे उपद्व्याप? दोन आठवड्यांपूर्वी तो ब्लेड तसंच अधांतरी ठेवून जेवायला गेला. तेवढ्यात एक निवृत्त कारकून तिथून जात होते. चष्मा पुसायला नेमके ब्लेडसमोर थांबले, आणि ब्लेड हळूहळू त्यांच्यापुढे वाकलं. कारकुनांना रडूच कोसळलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यापुढे ऑफिसचा शिपाईसुद्धा कधी वाकला नव्हता. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला बातमी कळली.

तिसऱ्या दिवशी तेलबाबा हजर. याआधी तो केस वाढवायचं तेल विकायचा, आणि स्वतःचं डोकं मात्र धुतलेल्या ताटासारखं गुळगुळीत. माणूस धूर्त. पहिल्या दिवशी त्याने सकाळी आठलाच लोक जमवले. अर्धा तास झाला तरी ब्लेड ढिम्म हललं नाही. "देव झोपलाय," म्हणाला. दुपारी चार तास काम झाल्यावर तेच ब्लेड सरसर वाकलं. बाबाने ते बरोबर हेरलं. तेव्हापासून सकाळभर मशीनला राबवायचं, त्याचं नाव 'सेवा', आणि दर्शन दुपारीच. तेलाच्या दाबाने ब्लेड उचलून धरणाऱ्या सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर त्याने खडूची एक बारीक रेघ मारली होती. प्रवचन त्या रेघेकडे बघून चालायचं. ब्लेड रेंगाळलं की, "डोळे मिटा, लेकरांनो, अजून कोणाच्या तरी मनात शंका आहे!" सिलिंडरमधून ठिबकणारं तेल बाटल्यांत भरून गुडघ्यांसाठी देत होता ते वेगळंच. लोकांच्या गुडघ्यांवर पुरळ उठलं, तर म्हणे दुखणं बाहेर पडतंय!

पटांगण सपाट करायच्या कामाचा मुकादमही खूश होता. काम सहा आठवडे रखडलेलं, पण आता विचारतो कोण? देवाचं काम चाललंय ना!

त्या संध्याकाळी ऑपरेटर घरी आला तेव्हा आई जुनी चटई झटकत होती. दर झटक्याला तिचा हात कमरेवर जात होता.

"उद्यापासून पाठसेवा आहे," ती म्हणाली. "बाबांनी पहिला मान मला दिलाय. ब्लेडखाली पालथं झोपायचं. ते पाठीच्या वर चार बोटांवर येऊन थांबतं आणि दुखणं ओढून घेतं."

ऑपरेटरच्या हातातला डबा खाली पडला. "आई, नको."

"का नको? त्या डॉक्टरने काय दिलं? पट्टा आणि व्यायाम! व्यायाम करता आला असता तर डॉक्टरकडे कशाला गेले असते?"

"अगं, पण मशीनखाली..."

"धाकट्या, तुझ्याच मशीनखाली झोपायचंय ना? परक्याच्या तर नाही. तू जिवापाड सांभाळतोस, म्हणून तर ते वाकतं."

त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तो तसाच उलट्या पावली पटांगणावर गेला. बाबा हार मोजत बसला होता.

"बाबा, ते थांबणार नाही."

"हळू बोल," बाबा म्हणाला. "फुलांखाली दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठेवणार आहे. त्यांवर टेकेल. मी काय येडा आहे?"

ऑपरेटरने ठोकळे बघितले. फळांच्या खोक्याची लाकडं होती ती. त्याने बुटाने दाबलं तर एकाचा टवका निघाला. तिथून तो धावला तो थेट फिटरबाईंच्या वर्कशॉपमध्ये.

फिटरबाई म्हणजे गावातली सगळी जड मशीनं दुरुस्त करणारी बाई. हात काळे, बोलणं रोखठोक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सहा महिन्यांपूर्वी मी लिहून दिलं होतं की सिलिंडरचं सील गेलंय, आधी बदल, मग चालव. बदललंस?"

"नाही."

"रोजच्या तपासणीच्या वहीत 'गळती नाही' पुढे काय केलंस?"

"टिक." मग मान खाली घालून म्हणाला, "सोमवारीच अख्ख्या आठवड्याच्या करून टाकायचो."

"वा! म्हणजे हा देव तुझ्या पेनातून आलाय." त्यांनी हात पुसले. "मी सांगितलं तर लोक म्हणतील बाई नास्तिक आहे. तुझी आई तुझंच ऐकेल. उद्या ब्लेड उचल, पण आई चटईवर जायच्या आत माईक तुझ्या हातात पाहिजे. पुढचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी पाचशे माणसं जमली. ब्लेड वर होतं. चटई अंथरलेली, दोन्ही बाजूंना फुलांचे ढीग. आई नवी साडी नेसून पुढे निघाली. ऑपरेटरने किल्ली खिशात टाकली, उडी मारली, बाबाच्या हातातला माईक हिसकावला आणि आईच्या वाटेत उभा राहिला.

"हे वाकत नाही!" तो ओरडला. "हे गळतंय! आतलं रबराचं सील फाटलंय. मला सहा महिन्यांपासून माहीत आहे. मी बदललं नाही. वहीत खोट्या टिका केल्या. आई, मी मशीन सांभाळत नाही गं. मी नुसत्या टिका करतो."

एकच गलका उठला. "नास्तिक!" "आईच्या सुखाच्या आड येतोस?" आई लाजेने लालबुंद झाली. "चारचौघांत हे काय चालवलंयस?" ती पुटपुटली, पण पाऊल मात्र पुढे टाकलं नाही.

तेवढ्यात फिटरबाई पुढे आल्या. त्यांनी ब्लेडभोवती दूरवर दोर बांधला आणि सगळ्यांना मागे सारलं. "थांबतं म्हणता ना? मग आजीबाईंच्या आधी बाबांची खुर्ची ठेवून बघू."

"खुर्चीला श्रद्धा नसते!" बाबा म्हणाला.

"मग तुम्ही झोपा. तुमच्याएवढी श्रद्धा कुणाची?"

"हो, हो! बाबांनी झोपावं!" गर्दीला कल्पना भलतीच आवडली.

बाबाच्या तोंडचं पाणी पळालं. "मला... मला पाठदुखी नाही."

"असं कसं, बाबा?" निवृत्त कारकून अगदी निरागसपणे म्हणाले. "काल तर म्हणालात, सगळ्यांची पाठदुखी मी स्वतःवर घेतली!"

बाबाने आकाशाकडे बघितलं. तिथून काही उत्तर आलं नाही. मग फिटरबाईंनी लांब काठीने गादीची खुर्ची चटईवर सरकवली.

ब्लेड निघालं. प्रवचन नाही, डोळे मिटणं नाही. पाचशे माणसं डोळे उघडे ठेवून पहिल्यांदाच बघत होती. नवव्या मिनिटाला ब्लेड खुर्चीच्या पाठीला लागलं. खुर्ची कुरकुरली, पाय फाकले, मोडले, गादीतला कापूस बाहेर आला. ब्लेड थांबलं नाही. मग फुलांखालून कट्कट् आवाज आले आणि दोन्ही ठोकळ्यांच्या चिरफळ्या उडाल्या. ब्लेड जमिनीला टेकलं, चटईच्या बरोबर मधोमध.

आई त्या चटईकडे बघत राहिली. तिचा हात आपोआप कमरेवर गेला.

फिटरबाईंनी खिशातून इंजेक्शनची सिरिंज काढली. "दट्ट्याला हे रबर असतं, बघा. ते धड असेल तर पाणी एका बाजूला अडून राहतं. फाटलं तर बाजूने निसटतं. सिलिंडरमध्ये तेच चालतं, फक्त पाण्याऐवजी तेल. राबून मशीन तापलं की तेल पातळ होतं, तापवलेल्या मधासारखं, आणि भरभर निसटतं. म्हणून तुमचा देव सकाळी झोपायचा आणि दुपारी जागा व्हायचा."

इंजिन बंद आणि ब्लेड जमिनीवर होतंच. त्यांनी लिव्हर मागेपुढे करून पाइपांतला उरलेला दाब सोडून दिला, मगच पाना लावला. एवढ्यात कारकुनांनी शेवटची आठवण म्हणून थेंबभर तेल घ्यायला ठिबकत्या पाइपाकडे बोट नेलं. "हात मागे!" बाई कडाडल्या. "दाबाखालचं तेल सुईएवढ्या भोकातून थेट कातडीत घुसतं, बोट कापायची वेळ येते. गळती बोटाने नाही, पुठ्ठा धरून शोधायची." कारकुनांनी बोट खिशात घातलं ते दिवसभर बाहेर काढलं नाही.

सिलिंडरमधून बांगडीएवढी काळी रबरी कडी निघाली. एका जागी कुरतडल्यासारखी. फिटरबाईंनी ती आईच्या हातात दिली.

"हेच का ते?" आई म्हणाली. "याच्यापुढे मी दोन आठवडे हात जोडले?" मग लेकाकडे वळून तिने विचारलं, "सहा महिने?"

"हो."

ती रागावली नाही. एखादी कानाखाली वाजवली असती तर बरं, असं त्याला झालं.

नवं सील बसलं. दोराआड ब्लेड पुन्हा वर गेलं आणि इंजिन बंद झालं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. ब्लेड जागचं हललं नाही. अर्धी गर्दी निघून गेली, कारण न हलणाऱ्या ब्लेडला हार कोण घालणार? बाबा कधी पसार झाला ते कळलंच नाही. जाताना त्याने कुणाला नमस्कारही केला नाही.

तासाने फिटरबाई म्हणाल्या, "आता खाली टेकव."

"नवं सील आहे की!" ऑपरेटर म्हणाला.

"नवंसुद्धा एक दिवस जुनं होतं. वर टांगलेल्या पोलादावर भरवसा ठेवायचा नाही, मग ते सीलच्या जोरावर टांगलेलं असो की देवाच्या."

"पण बाई, मग नमस्कार कुणाला करायचा?" कारकुनांनी केविलवाण्या आवाजात विचारलं.

"तुमचं तुम्ही ठरवा. पण जे आपोआप हलतंय, ते कशाने हलतंय हे आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत हात जोडू नका, आणि त्याखाली झोपू तर मुळीच नका. विचारणाऱ्याची पाठ मोडत नाही."

आता आई डॉक्टरचा पट्टा बांधून रोज दुपारी स्वतः डबा घेऊन पटांगणावर येते. चालणं होतं तेवढंच. दोराबाहेर उभी राहते.

"धाकट्या, ब्लेड?"

"टेकलंय."

"किल्ली?"

तो खिशातून काढून दाखवतो.

"वही?"

"ही बघ. गळती बघितली, मग टिक केली."

ती चष्मा लावते, टिक निरखते, मग मान उंचावून ब्लेडखाली फट तर नाही ना, ते पाहून घेते. तेवढं झालं की डबा त्याच्या हातात देते.