चिवड्याची झोळी

एक मे रोजी महाराष्ट्र राज्य होणार आणि लालबागच्या आमच्या चाळीत चिवडा वाटणार कोण? मीच, गंगुबाई!

पण गेल्या शिवजयंतीला घोळ झाला होता. शेजारच्या कांताच्या पुडीत शेंगदाणेच शेंगदाणे, आणि वरच्या मजल्यावरच्या राधाबाईच्या पुडीत नुसता चुरा न् मीठ. "मुद्दाम केलंस," म्हणाली, आणि बोलणंच बंद. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठीमार झाला तेव्हा माझा हात धरून पळालेली बाई ही! रोज जिन्यात तोंड फिरवायची.

माझा भाचा जगदीश कुलाब्याला नव्या गणकयंत्रावर काम करतो. सिमेंटची भुकटी, खत असला माल ड्रममध्ये कसा मिसळेल ते यंत्र आधीच सांगतं म्हणे. मी म्हटलं, चिवड्याचं सांग. यंत्र म्हणालं, ड्रम गोल फिरवा, झकास मिसळेल. मी चाळभर मिरवून आले, धुतलेला ड्रमसुद्धा आणला.

तर हा म्हणतो, "थांब मावशी, आधी काचेच्या बरणीत करून बघू."

"मेल्या, तुझ्याच यंत्रावर तुझा भरवसा नाही?"

बरणी फिरवली. आधी छान मिसळला. आणखी फिरवली तर शेंगदाणे एकीकडे, चुरा दुसरीकडे! मी कपाळाला हात लावला. हा मात्र टाळ्या पिटतोय. "माझीच चूक! हिशेबात मी सगळे दाणे एका मापाचे धरले होते."

दुसऱ्या दिवशी नवा हिशेब घेऊन आला. ड्रम बाद. चादर दोघांनी धरून झुलवायची.

"आधी रुमालावर दाखव," मीच म्हटलं. आता मला कोण फसवतो!

रुमालात चिवडा अगदी सारखा झाला. मग चादर धरली. पण जगदीश पडला ताडमाड. त्याचं टोक वर, माझं खाली, सगळे शेंगदाणे गडगडत माझ्याकडे. रुमाल त्याने एकट्याने धरला होता ना!

माझ्या उंचीची चाळीत एकच. गेले वर, दारात उभी राहिले. "राधे, चादर धरायला ये गो. तुझ्याशिवाय जमत नाही."

पदर खोचून आली. टोकं धरली. झुलवायला लागलो. चिवडा उडतोय, पडतोय, तोंडं दोघींची बंद.

"गंगे, तुझी बाजू खाली जातेय. वर धर की!"

इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून 'गंगे' ऐकलं. माझे डोळे भरून आले. मी बाजू वर घेतली.

आणि जरा वेळाने मुद्दाम पुन्हा खाली सोडली.