निओमाची चाल

व्हर्ना स्टिडमच्या गळ्यात सूर नाही, हे लॉरेल फोर्क या डोंगरातल्या खाणगावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चर्चमध्ये सगळे गायचे तेव्हा ती नुसते ओठ हलवायची. तिचा नवरा ऑर्बिन, त्या खोऱ्यातला सगळ्यात नावाजलेला फिडलवाला (फिडल म्हणजे तिकडचं व्हायोलिन), चारचौघांत म्हणायचा, "हिनं तोंड उघडलं की आमच्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद होतात." तीही हसायची. देवानं गळ्यात घातलं नव्हतं ते तिच्या हातांत घातलं होतं. ऑर्बिननं फिडल खांद्याला लावली की ती त्याच्या समोर उभी राहायची, आणि त्याची बोटं नि गज यांच्या मधल्या जागेत, थेट तारांवर, झाडूच्या दोन काड्यांनी ठेका धरायची. वाद्य एक, वाजवणारी दोघं. आजकालची जोडपी फोनचा चार्जरसुद्धा एकमेकांना देत नाहीत, तर हे कुठून जमायचं!

ऑर्बिनला चाली येत होत्या ढिगानं आणि तो त्या मागेल त्याला शिकवायचा. एक सोडून. ती निओमाची चाल. निओमा त्यांची पहिली नि शेवटची मुलगी. मार्चमध्ये जन्मली आणि डोंगरावरचा बर्फ वितळायच्या आत गेली. तिचा फोटो काढायचा राहून गेला होता. चेहरा कसा होता हे व्हर्नाला आता नीट आठवतही नव्हतं. होती ती फक्त बापानं तिच्यासाठी बांधलेली चाल. त्या चालीपुरत्या ऑर्बिन चारही तारा वेगळ्याच सुरांत लावून घ्यायचा. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, घराच्या ओसरीवर, दोघंच. कुणी रेकॉर्ड करायला आलं तर सरळ हाकलून द्यायचा.

"पोरगी आपली आहे," तो म्हणायचा, "रेडिओची नाही."

दोन वर्षांपूर्वी त्यानं ती अशीच वाजवली आणि आठवड्याभरात तो गेला. छाती खाणीतल्या कोळशानं आधीच खाल्ली होती. फिडल भिंतीवर तशीच राहिली, निओमाच्या सुरांत. तिच्याकडे बघवेना, म्हणून व्हर्नानं ती संग्रहालयाला देऊन टाकली. तारांना हात लावू नका, असं काही ती बोलली नाही. काचेच्या कपाटातल्या वस्तूला कोण कशाला हात लावेल, असं तिला वाटलं.

संग्रहालय म्हणजे जुनं रेल्वे स्टेशन. कोळशाच्या गाड्या बंद झाल्यावर गावानं त्यात आजोबांचे कंदील, आज्यांच्या गोधड्या, खाणीतली शिरस्त्राणं असं सगळं आणून ठेवलं. दर सप्टेंबरात त्याच्या अंगणात गाण्याबजावण्याची जत्रा भरते. बँजो, मेंडोलिन, फिडल, पातेलंभर घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव, सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या. जमतील ते पैसे छपरासाठी. छप्पर काही गळायचं थांबत नाही, म्हणून जत्राही थांबत नाही.

त्या उन्हाळ्यात टॅम्सी रॅटलिफ नॉक्सव्हिल शहरातून गावी परत आली. लहानपणी ऑर्बिनच्या हाताखाली शिकलेली, आता दातांच्या दवाखान्यात नोकरी करणारी, पण गज हातात घेतला की मनगट हुबेहूब ऑर्बिनचं. एक दिवस व्हर्नाच्या ओसरीवर बसून ती म्हणाली,

"काकू, एक सांगू? रागावू नका. मी एकदा चोरून ऐकली होती. ओढ्याच्या वाटेवर झाडामागे उभी राहून."

"काय ऐकलंस?"

"निओमाची. सुरुवातीचं थोडं आठवतंय. फिडल अजून त्याच सुरांत आहे ना? मग बोटं चाचपडत जातील. चुकलं की तुम्ही मान हलवा. तुम्हाला गाता येत नसेल, पण ऐकू तर येते ना आतून?"

येत होती. रोज येत होती. भांडी घासताना, अंथरुणाला पाठ टेकताना. पण ती आत कोंडलेली होती, आणि व्हर्ना गेली की तीही जाणार होती. व्हर्नानं टॅम्सीचा हात घट्ट धरला. जत्रेच्या दिवशी कपाट उघडायचं, आधी संग्रहालयात बसून चाल शोधायची, मग मंचावर वाजवायची, असं ठरलं. ऑर्बिनची तिनं मनोमन माफी मागितली. त्यानंतर कितीतरी दिवस ती अंगणातल्या गवतातून सरळ, कोरड्या काड्या निवडत होती.

जत्रेच्या सकाळी हॉबर्ट मलिन्स दारातच उभा होता. हा ऑर्बिनचा जन्माचा दोस्त, बँजोवाला, संग्रहालयाची किल्ली कायम याच्याच खिशात. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी, चेहरा नवरदेवासारखा खुललेला.

"ये ये! बघ तर खरी काय केलंय!" त्यानं फिडल काढून तिच्यापुढे धरली. ती लखलखत होती. "पुसली, चकचकीत केली. तारा गंजल्या होत्या, नव्या चढवल्या. आणि अगं, सूर किती उतरले होते! चार तारांची तोंडं चार दिशांना. म्हटलं, आपल्या ऑर्बिनची फिडल अशी बेसूर? लोक काय म्हणतील? मस्त लावून ठेवलीय बघ."

टॅम्सीनं तारांवरून बोट फिरवलं. जगातल्या कुठल्याही फिडलसारखा सरळ, साधा सूर निघाला.

व्हर्ना बाकावर बसली. करायला गेला गणपती नि झाला मारुती, अशातली गत. पण त्या म्हाताऱ्याला शिव्या तरी कशा घालायच्या? मेलेल्या मित्राची फिडल बेसूर राहू नये, एवढंच तर त्याच्या मनात होतं. त्या डोंगरातल्या कुणाही भल्या माणसानं हेच केलं असतं.

टॅम्सीनं हळू आवाजात त्याला समजावलं. बोलणं संपेपर्यंत हॉबर्टचा चेहरा पांढराफटक पडला.

"निओमाची?" तो म्हणाला. "पोरीचा सूर होता तो?"

"जुन्या तारा कुठायत, हॉबर्टकाका?"

"तारांचं काय घेऊन बसलीस. मी तो सूर ऐकला होता गं. खुंट्या पिळायच्या आधी एकदा छेडून बघितलं होतं. पण वाकडा लागतोय म्हणून कान नाही दिला. शपथ सांगतो, कान नाही दिला." आणि तो खांबाला धरून रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, ऑर्बिनच्या शवपेटीला खांदा देतानाही न रडलेला.

तिघं जुन्या तिकीटघरात बसले. टॅम्सी एकेक खुंटी पिळायची, गज ओढायची. "असं?" व्हर्ना डोळे मिटून ऐकायची. "नाही." "मग असं?" "जवळ आलं... नाही गं, नाही." बाहेर कुणाचातरी बँजो खणखणत होता. त्या गोंगाटात आतली चाल पकडून ठेवायची म्हणजे चाळणीत पाणी धरण्यातला प्रकार. हॉबर्ट दाराशी उभा होता. प्रत्येक 'नाही'ला त्याची मान आणखी खाली जात होती.

"असं, काकू?"

सूर गोड होता. उदासही होता. पण निओमाचा नव्हता. व्हर्नानं डोळे उघडले तर हॉबर्ट तिच्याकडे बघत होता, कोर्टात शिक्षा ऐकायला उभं राहिल्यासारखा.

"हाच," व्हर्ना म्हणाली. "हाच तो."

"खरं सांगतेस?" हॉबर्टनं विचारलं.

"अरे, माझ्या पोरीचा सूर मला कळणार नाही का?"

मग टॅम्सीनं सुरुवात वाजवली आणि पुढे बोटं चाचपडत नेली. व्हर्ना सगळ्याला मान डोलावत गेली. एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप जमत जातं. टॅम्सीची चाल सुरेख झाली, हे कबूल केलं पाहिजे. ऑर्बिननं ऐकली असती तर पाठ थोपटली असती.

दुपारी दोघी मंचावर उभ्या राहिल्या. हॉबर्टनं भरल्या आवाजात सांगितलं, ऑर्बिनची आजवर कुणी न ऐकलेली चाल, त्याच्या लेकीची. टॅम्सीनं गज ओढला, व्हर्नानं काड्या टेकवल्या. तिचे हात निओमाचा जुना ठेका धरत होते. मधेच तो चालीवर बसत नव्हता, तिथे ती काड्या नुसत्या फिरवायची. कुणाला कळलं नाही. बायकांनी डोळे पुसले. हॉबर्टनं मंचाखालून सगळं रेकॉर्ड केलं.

आता संग्रहालयात कपाटाशेजारी एक बटण आहे. ते दाबलं की निओमाची चाल ऐकू येते. हॉबर्ट येणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकवतो, आणि व्हर्ना दिसली की हाक मारून सांगतो, "आज ओहायोची माणसं आली होती, ऐकून रडली बघ!" ती म्हणते, "हो का? बरं झालं."

हिवाळ्यात एकदा भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की आतून टॅम्सीची चाल वाजते आहे. तिनं नळ बंद केला, थांबली, पुन्हा मुळापासून आठवू लागली. पहिले चार सूर आले. पुढे टॅम्सीची. दुसऱ्या दिवशी चारातले दोनच आले.

मार्चमध्ये ती काड्या घेऊन डोंगरावरच्या दफनभूमीत गेली. ऑर्बिनशेजारी निओमाचा दगड, भाकरीच्या टोपलीएवढा. गुडघे टेकून तिनं दगडावर जुना ठेका धरला. हातांना तर आठवत असेल, हाताबरोबर चालही येईल, अशी तिला खात्री होती. ठेका बरोबर होता. ती डोळे मिटून वाट बघत राहिली. आली ती टॅम्सीचीच. काड्या अडखळल्या, पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा अडखळल्या. मग तिच्या हातांनीच हळूच ठेका बदलला, आणि तो त्या चालीवर अगदी नीट बसला.

व्हर्ना तसंच शेवटपर्यंत वाजवत राहिली. मग तिनं ओल्या दगडावर तळहात ठेवला.

"ही तुझी नाही गं, बाळा," ती म्हणाली. "पण आता माझ्याकडे हीच आहे."